आरोपीच्या बिनफी वकिलास

प्रति,
माननीय ग्रुप ॲडमिनसाहेब,
मुक्काम मोशी, वाकड, चिखली, रावेत, चाकण. जिथे रेंज असेल तिथे.



पत्रास कारण की, तुमचे आभार मानायचे राहून गेले आहेत. ज्यांनी ते मानायला हवेत त्यांतले बरेच जण सध्या येरवड्यात आहेत. तिथून निघणारं पत्र आधी तुरुंगाच्या कचेरीत वाचलं जातं. तुमची कीर्ती अशी परस्पर फुटू नये म्हणून त्यांच्या वतीनं मीच लिहायला बसलो आहे.

गेली काही वर्षं तुम्ही आरोपींसाठी जे करत आहात, ते शिवाजीनगर कोर्टातल्या भल्या भल्या फौजदारी वकिलांना घसघशीत फी घेऊनही जमलं नसतं. तुम्ही ते फुकट करता, रोज करता, आणि करताना तुमची अगदी प्रामाणिक समजूत असते की आपण त्या नराधमाला फासावर चढवतो आहोत. आपण कुणावर उपकार करतोय याचा स्वतःलाही पत्ता नसावा, असं औदार्य हल्ली बघायला मिळत नाही.

तुमच्या ग्रुपच्या नावात 'जागरूक' हा शब्द आहे. डीपीवर एका बाजूला तिरंगा, दुसऱ्या बाजूला तराजू. पाण्याच्या टँकरचा हिशेब ठेवायला हा ग्रुप निघाला होता, हे आता जुन्या मेंबरांनाही आठवत नसेल. शहरात २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं. मधल्या दिवशी बोलायला काहीतरी विषय हवाच होता. तो तुम्ही पुरवलात. सकाळी पहिल्या पाळीची कंपनीची बस चाकणच्या तळेगाव चौकात अडकली की खटला उभा राहतो, बस सुटेपर्यंत निकाल लागतो, आणि गेटवर पंच करायच्या आत शिक्षाही ठरलेली असते. 'यांना भरचौकात फाशी द्या.' खाली हात जोडलेले सतरा इमोजी.

तुम्ही कंपनीत क्वालिटीला आहात. तुम्ही नसाल तर समोरच्या फ्लॅटमधले असतील. या पट्ट्यात प्रत्येक मजल्यावर एक तरी माणूस क्वालिटीला किंवा मेंटेनन्सला असतोच. कंपनीत लाइनवरून आलेला एखादा जॉब तुम्ही नुसता बघून रिजेक्ट करता का? गेज लावता. त्या गेजचं कॅलिब्रेशन कधी झालंय ते स्टिकरवर वाचता. नापास झाला तर टॅग लावून लाल ट्रेमध्ये ठेवता. कुठलं मशिन, कुठली पाळी, कुठला लॉट, सगळं लिहिता. कस्टमरकडून तक्रार आली तर आठ डीचा रिपोर्ट भरता, 'का' हा प्रश्न पाच वेळा विचारता, आणि तरी ऑडिटर म्हणतो, पुरावा दाखवा. चार रुपयांच्या बुशसाठी एवढी चौकशी करणारा माणूस संध्याकाळी घरी येऊन सोफ्यावर पाय पसरतो आणि अख्खा माणूस रिजेक्ट करतो. टॅगसुद्धा न लावता. याला मी दुटप्पीपणा म्हणणार नाही. कंपनीच्या मालाला कस्टमर आहे, माणसाला नाही, एवढाच फरक.

आता आपल्याच आयुक्तालयातलं प्रकरण घेऊ. १६ मे २०२५ला भुकूममध्ये वैष्णवी हगवणे ही विवाहिता गेली. (गाव मुळशी तालुक्यात, ठाणं बावधनचं, आयुक्तालय पिंपरी-चिंचवडचं, कोर्ट पुण्यात. आपल्याकडची कुठलीच गोष्ट एका पत्त्यावर मावत नाही.) माहेरची तक्रार अशी की ५१ तोळे सोनं, चांदीची भांडी आणि फॉर्च्युनर देऊनही छळ थांबला नाही. सासरा सत्ताधारी पक्षातला. लग्नाला अजित पवार हजर, गाडीच्या किल्लीचा फोटो. तो फोटो तुम्ही एका दिवसात इतक्या वेळा पाठवलात की ज्यांनी लग्नात जेवण केलं होतं त्यांनीही तितक्या वेळा पाहिला नसेल.

इथे तुमचं श्रेय तुम्हाला द्यायलाच हवं, आणि ते मी उपरोधाने देत नाही. सासरा आणि दीर आठवडाभर सापडत नव्हते. थोरल्या सुनेनं आधीच केलेल्या तक्रारीचं काय झालं, हे कुणी कुणाला विचारत नव्हतं. ओरडा झाला आणि यंत्रणा हलली. २३ मेला दोघंही पकडले गेले. पोलिसांनी गुन्हा नोंदवावा, फरार माणूस शोधावा, मंत्र्याच्या ओळखीला भीक घालू नये, हे ओरडून सांगणं नागरिकाचं कामच आहे. तेवढं करून तुम्ही फोन चार्जिंगला लावला असता तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

पण तुम्ही थांबला नाहीत. पुढे काय सिद्ध करायचं असतं, हे तुमच्या ग्रुपवर कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगतो. हुंडाबळीच्या गुन्ह्यात कायद्यानं फिर्यादी पक्षाला मोठा आधार दिला आहे. लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाईचा अनैसर्गिक मृत्यू झाला आणि मृत्यूच्या नजीकच्या काळात हुंड्यासाठी तिचा छळ झाला एवढं दाखवता आलं, की हुंडाबळी झाला असं न्यायालयानं गृहीत धरायचं. तसं नाही हे दाखवायची जबाबदारी मग आरोपींवर. म्हणजे सगळा डोलारा उभा राहतो त्या छळाच्या पुराव्यावर. आणि चार भिंतींच्या आतल्या छळाचा पुरावा म्हणजे माणसं. आई, बाप, मैत्रीण, शेजारीण, धुणीभांडी करणाऱ्या मावशी. ही माणसं पोलिसांपुढे काय बोलली आणि कोर्टात काय बोलली, यांत फट सापडते का ते बघणं हे बचाव पक्षाच्या वकिलाचं काम. त्यात वावगं काही नाही, ते त्यानं करायलाच हवं.

पूर्वी त्याच्या हाताशी पोलिसांनी लिहून घेतलेला दोन-चार पानांचा जबाब असायचा. आता कुठलंही गाजलेलं प्रकरण घ्या, तुमच्या कृपेनं त्याच्याकडे बारा मुलाखती असतात. सुतकातल्या घरात बूम घेऊन शिरलेल्या यूट्यूबवाल्याला मैत्रीण पहिल्या दिवशी सांगते की संक्रांतीला मारलं होतं. दुसऱ्या चॅनेलवर दिवाळी होते. तिसऱ्याला हवी असते रडतानाची क्लिप, तिथे तारीखच नाही. दुःखात माणूस तारखा चुकतो, यात खोटं काही नसतं. पण दोन वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात त्याच मुलीपुढे त्या तिन्ही क्लिपा ठेवल्या जातात आणि शांत आवाजात विचारलं जातं: बाई, यातली खरी कुठली? त्या क्लिपांना व्ह्यूज कुणी दिले? 'ऐका हिची व्यथा, अंगावर काटा येईल' असं लिहून पुढे कुणी ढकलल्या? मी म्हटलं ना, बिनफी वकील.

आणि तुम्ही एकाच पक्षकारावर थांबत नाही, हे तर विशेषच. मे महिना संपता संपता आरोपींच्या वकिलानं कोर्टात मृत मुलीच्याच वागण्याविषयी, तिच्या चॅटिंगविषयी युक्तिवाद केला. महाराष्ट्रभर संताप झाला, तुमच्या ग्रुपवरही झाला. चांगला दोनेक तास टिकला. मग कुणीतरी लिहिलं, 'टाळी एका हाताने वाजत नाही.' मग कुणाला काहीतरी 'आतली बातमी' होती. ज्या बोटांनी सकाळी सासरच्यांना फाशी दिली, त्याच बोटांनी रात्री जेवणानंतर मेलेल्या मुलीचा चरित्रदाखला काढला. जुलैमध्ये आरोपपत्र दाखल झालं, हजाराहून जास्त पानांचं. तुमच्या ग्रुपवर तोवर गणपतीच्या वर्गणीचा वाद पेटला होता.

ओळख परेडीबद्दल तुमचे वेगळे आभार मानायला हवेत, कारण ती मोडीत काढण्यात तुमचा वाटा सिंहाचा आहे. अनोळखी माणसानं गुन्हा केला असेल तर तुरुंगात परेड होते. आरोपीसारख्याच दिसणाऱ्या माणसांच्या रांगेत त्याला उभं करतात आणि साक्षीदारानं त्यातून ओळखायचं असतं. या सगळ्याला किंमत केव्हा? साक्षीदारानं गुन्ह्यानंतर तो चेहरा मध्ये कुठेही पाहिलेला नसेल तेव्हा. पोलिस आरोपीला तोंडावर काळं फडकं टाकून नेतात आणि तुम्ही चवताळून विचारता, 'या नराधमाला बुरखा कशाला?' त्याच्या अब्रूची काळजी पोलिसांना फारशी नसते. साक्षीदाराची नजर कोरी राहावी म्हणून ते फडकं असतं. तुम्ही काय करता? त्याचं इन्स्टाग्राम शोधता, गोव्याच्या सहलीतला फोटो उचलता, चेहऱ्याभोवती लाल गोल काढता आणि 'महाराष्ट्रातल्या प्रत्येक ग्रुपवर पोचला पाहिजे' असं बजावता. पोचतो. साक्षीदाराच्या ग्रुपवरही पोचतो. बचावाच्या वकिलाला मग एकच प्रश्न विचारावा लागतो: 'परेडच्या आधी तुम्ही आरोपीचा फोटो मोबाइलवर पाहिला होता, हे खरं आहे ना?'

तुमची लागण वर पोलिसांपर्यंत गेली आहे. गाड्या फोडणाऱ्या, कोयते नाचवणाऱ्या पोरांना पकडून ज्या वस्तीत त्यांनी दहशत घातली त्याच वस्तीतून त्यांची वरात काढायची, व्हिडिओ करायचा, हे पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये आपण पाहतोच आहोत. वस्तीला बरं वाटतं, कबूल. ज्याची रिक्षा फुटली त्याला जास्तच. पण उद्या त्याच वस्तीतला माणूस ओळख पटवायला येणार. त्याला कोर्टात विचारतील की तुम्ही आरोपीला गुन्ह्याच्या रात्री ओळखलं की वरातीत?

चुकीचा माणूस ओळखला गेला तर काय होतं, याचा हिशेब आपल्याच राज्यात मांडून झाला आहे. २००३ साली नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबावर हल्ला झाला, खून, बलात्कार. भटक्या समाजातल्या सहा जणांना फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयानं तिघांची कायम केली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाच्या सहा जणांना फाशीच योग्य ठरवली. आणि ५ मार्च २०१९ला त्याच सर्वोच्च न्यायालयानं आपला जुना निकाल मागे घेऊन सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला सांगितले. प्रत्यक्षदर्शी बाईनं अगदी सुरुवातीला पोलिसांकडच्या फोटोंतून भलत्याच चौघांना ओळखलं होतं आणि त्या चौघांचा तपास झालाच नव्हता. जिल्हा, उच्च, सर्वोच्च अशा तीन पायऱ्या, वकील, साक्षी, कागदांचे गठ्ठे, आणि तरीही सोळा वर्षं चूक चालत राहिली. तुमच्या ग्रुपवर अपील कुणाकडे करायचं असतं, साहेब? ॲडमिन म्हणून तुम्हीच ना?

'पण आमच्याकडे व्हिडिओ आहे!' हो, असतो. तुमच्याकडे नेहमीच व्हिडिओ असतो. २०१४च्या जालना विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही, यावरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांची लढाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि १४ जुलै २०२०ला त्या निकालातून सबंध देशासाठी नियम पक्का झाला: मूळ उपकरण कोर्टापुढे नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर कायद्यानं सांगितलेलं प्रमाणपत्र लागणारच. कुठल्या यंत्रावर चित्रित झालं, ते यंत्र कुणाच्या ताब्यात होतं, प्रत कशी काढली, हे जबाबदार माणसानं सहीनिशी सांगायचं. नवीन साक्ष अधिनियमानं त्यात हॅश व्हॅल्यूची भर घातली, म्हणजे फाइलमध्ये एक ठिपका जरी बदलला तरी कळावं. आणि तुम्ही? व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून आला की दाबला जातो, त्याची मूळ माहिती गळते. वर तुम्ही त्याला संगीत लावता, अर्धा कापता, 'शेवटपर्यंत बघा' लिहिता. ज्याच्या फोनमध्ये मूळ चित्रण होतं तो सज्जन माणूस 'व्हायरल झालंच आहे, आता कशाला ठेवायचं' म्हणून ते पुसून टाकतो, कारण फोनची जागा भरलेली असते.

ही तांत्रिक कुरकुर वाटत असेल तर जानेवारी २०१४ची मुंबई आठवा. लोकमान्य टिळक टर्मिनसवर पहाटे उतरलेली तरुण इंजिनिअर बेपत्ता झाली, पुढे तिचा मृतदेह सापडला. (तिचं नाव तेव्हा प्रत्येकानं लिहिलं. कायदा लिहू नका म्हणतो, म्हणून मी लिहीत नाही.) स्टेशनवरचं सीसीटीव्ही चित्रण सगळ्या देशानं पाहिलं. आरोपीला २०१५ मध्ये फाशीची शिक्षा झाली, २०१८ मध्ये उच्च न्यायालयानं ती कायम केली, आणि २८ जानेवारी २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं त्याला सोडलं. पुराव्याच्या साखळीत अनेक कड्या तुटक होत्या. त्यांतली एक म्हणजे त्या चित्रणाला ते प्रमाणपत्र नव्हतं. सगळ्या देशानं पाहिलेलं चित्रण कोर्टाला बघता आलं नाही. तिच्या घरच्यांना आता कोण सांगणार की गुन्हेगार कोण?

पुण्याच्या पोर्शे प्रकरणात तर तुम्ही कमालच केलीत. १९ मे २०२४च्या पहाटे कल्याणीनगरात दोन तरुण इंजिनिअर चिरडले गेले आणि त्याच दिवशी बाल न्याय मंडळानं पोर्शे चालवल्याचा आरोप असलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन दिला. राग येणं साहजिक होतं, मलाही आला. या प्रकरणातही ओरड्याशिवाय कुणी जागं झालं नसतं. पण मग तुमच्याकडे एक रॅप आला. जामिनावर सुटलेला तो मुलगा शिव्या देत गातोय, मृतांची टर उडवतोय. तुम्ही तो पाठवला, बातम्यांनी उचलला. तो मुलगा त्यात नव्हताच. भलत्याच कुणी व्ह्यूजसाठी केलेला व्हिडिओ होता. पोलिसांना खरा तपास सोडून त्याचा खुलासा करावा लागला आणि वेगळा गुन्हा नोंदवावा लागला. तुम्ही खुलासा फॉरवर्ड केलात का? मी ग्रुप वर-खाली करून पाहिला. नाही सापडला.

त्याच सुमाराला, गाजावाजा न करता, एक खरं काम झालं होतं. ससून रुग्णालयात घेतलेल्या मुलाच्या रक्ताच्या नमुन्याचा संशय आला म्हणून पोलिसांनी दुसरा नमुना औंधच्या जिल्हा रुग्णालयात घेतला होता. म्हणजे सांगवी फाट्याजवळ, तुमच्या आमच्या दाराशी. डीएनए जुळवल्यावर ससूनचा नमुना मुलाचा नसल्याचं निघालं आणि दोन डॉक्टरांना अटक झाली. या तपासाला तुमचा एकही फॉरवर्ड लागला नाही. आणि तुमच्या ओरड्यानं काय झालं? २२ मेला मंडळानं आपलाच आदेश फिरवून मुलाला निरीक्षणगृहात धाडलं. २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयानं ते बेकायदेशीर ठरवून त्याला सोडायला सांगितलं, आणि लोकक्षोभाखाली यंत्रणा कशी वाहवत गेली यावरही बोट ठेवलं. लढाईतला पहिला मोठा विजय बचाव पक्षाला मिळाला तो असा. पेढे तुमच्याकडे यायला हवे होते.

पेढ्यांवरून बदलापूर आठवलं. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या शाळेतल्या दोन लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणातला आरोपी पोलिस व्हॅनमध्ये गोळी लागून मेला आणि लोकांनी मिठाई वाटली. 'बदला पुरा'चे फलक लागले, तुमचा डीपी आठवडाभर तोच होता. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीनं पुढे पाच पोलिसांना जबाबदार धरलं, त्याचं जे व्हायचं ते कोर्टात होईल. मला वेगळंच खटकतं. त्या दोन लहान मुलींच्या बाबतीत 'हा माणूस दोषी आहे' असं कुठलंही न्यायालय आता कधीच म्हणणार नाही. तो कायद्याच्या कागदावर आरोपी म्हणूनच मेला. एवढी सूट तर त्याच्या वकिलानंही मागितली नसती.

जिथे तुम्ही शिक्षा सुनावून थांबत नाही, ती अमलातही आणता, त्याबद्दल फार लिहीत नाही. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आली आहे, हा मेसेज आधी पोचला होता. मागून भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण पोचले. ग्रामपंचायतीच्या खोलीत त्यांना ठेचून मारलं. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. तुम्ही त्यावर तोडगा काढलात, पाच-पाच करून पाठवता.

आता तुम्ही म्हणाल की या हरामखोरांना वकील तरी कशाला हवा. वकीलपत्र घेणाऱ्याचा नंबर ग्रुपवर टाकून 'याला जरा समजावा' असं तुम्ही मागे एकदा लिहिलं होतंत. मुंबईवरच्या हल्ल्यातल्या कसाबला वकील दिला होता, आठवतंय? सर्वोच्च न्यायालयात त्याच्या बाजूनं मुद्दा हाच मांडला गेला की त्याला वेळेवर कायदेशीर मदत मिळाली नाही, खटला निष्पक्ष झाला नाही. कोर्टानं तो तपासला आणि फेटाळला. फेटाळता आला, कारण खटल्यात त्याच्यामागे वकील उभा होता. २१ नोव्हेंबर २०१२ला येरवड्यात फाशी झाली ती त्या वकिलांमुळे अडली नाही, पक्की झाली. आणि तुम्ही अजूनही ज्या बिर्याणीवरून जोक पाठवता, ती मटण बिर्याणी त्यानं मागितलीच नव्हती. कसाबविषयी सहानुभूतीचं वातावरण तयार होत होतं, ते मोडायला आपण ती रचली, असं २०१५ मध्ये त्या खटल्यातले सरकारी वकील खुद्द उज्ज्वल निकम यांनी सांगितलं. सरकारी वकिलालाही कोर्टाबाहेरचा दुसरा खटला जिंकावासा वाटला, यावरून तुमच्या कोर्टाची पत कळते. ती कबुली देऊन दहा वर्षं उलटून गेली. बिर्याणी अजून फिरतेच आहे.

घाबरू नका, तुमच्यावर काही येणार नाही. मेंबरानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी नुसता ॲडमिन आहे म्हणून कुणाला दोषी धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगून ठेवलं आहे. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईच्या पीठानं सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूच्या प्रकरणात वाहिन्यांना बजावलं की तपास चालू असताना असा खटला चालवणं म्हणजे न्यायदानात ढवळाढवळ. पण ते वाहिन्यांना. सुशांतच्या प्रकरणात तुम्ही ज्या मुलीला चेटकीण ठरवलं होतंत, ती महिनाभर भायखळ्याच्या तुरुंगात राहून आली, आणि मार्च २०२५ मध्ये सीबीआयनं तपास बंद करण्याचा अहवाल दिला. तुम्ही तेव्हा आयपीएलमध्ये होतात, चालायचंच.

या सगळ्यावर मला एकच गोष्ट मागायची आहे, आणि ती पैशांची नाही. पोलिसांना पंच मिळत नाहीत. घटनास्थळाचा पंचनामा, कपड्यांची जप्ती, मोबाइलची जप्ती, प्रत्येक वेळी दोन स्थानिक, स्वतंत्र माणसं लागतात. काय सापडलं, कुठे सापडलं, कसं सील केलं हे डोळ्यांनी बघायचं, सही करायची आणि काही वर्षांनी समन्स आलं की शिवाजीनगरला जाऊन तेवढंच सांगायचं. कुणी येत नाही. हवालदार टपरीवर येऊन विचारतो तेव्हा चहा अर्धा टाकून माणसं पांगतात. मग पोलिस नेहमीचेच पंच आणतात, आणि वकील कोर्टात विचारतो की हे गृहस्थ आजवर किती गुन्ह्यांत पंच झाले आहेत? तिथेच जप्तीची वाट लागते. नाहीतर पंच फितूर होतो: 'माझ्यासमोर काही झालं नाही, कोऱ्या कागदावर सही घेतली.' त्या नराधमाला खरंच आत टाकायचं असेल तर त्याचा रस्ता या दोन सह्यांवरून जातो.

मागच्या वर्षी तुमच्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये चोरी झाली तेव्हा पोलिसांनी इंटरकॉमवरून तुम्हाला खाली बोलावलं होतं. तुम्ही वॉचमनला सांगितलंत, साहेब नाइटला गेलेत. वरच्या खिडकीतून व्हिडिओ मात्र उत्तम काढलात.

तर पुढच्या वेळी खाली या. चाकणचं ठाणं असो, भोसरी एमआयडीसीचं असो, बावधनचं असो. आधार कार्ड आणा, चष्मा लागत असेल तर तोही आणा, आणि लिहिलेलं वाचल्याशिवाय सही करू नका. समन्स आलं की कंपनीला दाखवा आणि सुट्टी मागा. साक्षीला जायचंय म्हटल्यावर सहसा कुणी नाही म्हणत नाही. बाहेर बाकावर बराच वेळ बसावं लागेल. तारीख पडली तर परत जावं लागेल. आत गेल्यावर फोन बंद करायला सांगतात.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
ग्रुपमधला एक न बोलणारा मेंबर